रक्ताचा मामा

आईच्या आधी आईचं रक्त मुंबई बघून आलं. आई स्वतः मलकापूरजवळच्या आमच्या गावातून निघाली की फार तर सांगलीला, माझ्या घरापर्यंत येते. पण तिच्या दंडातून काढलेली एक नळी बर्फाच्या डब्यात बसून घाट उतरली, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत आई रोज सकाळी चहा पिता पिता मला त्या नळीची हकिकत सांगत राहिली. नळीला खिडकीची जागा मिळाली होती. वाटेत धुकं होतं. मग समुद्र आला, तो पांढरा होता, उसाला तुरे आल्यावर आपलं शिवार दिसतं तसा. मी म्हटलं, आई, ही स्वप्नं आहेत. ती म्हणाली, "मग मी कुठं खरं म्हणतीया? बघितलं ते सांगितलं."

खरं म्हणजे त्या दिवसांत तिला जागेपणीही सगळं स्वप्नातलंच दिसत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. दिव्याभोवती तिला कडी दिसायची, माणसं कडेनं विरघळलेली दिसायची, आणि मी दारात उभी राहिले की आधी माझा आवाज यायचा, मग हळूहळू मी. त्या डोळ्यांचं ऑपरेशन करायलाच मी तिला गणपतीनंतर सांगलीला आणलं होतं. ऑपरेशनाआधी रक्ताच्या तपासण्या करतात, त्यात एक 'रिॲक्टिव्ह' आली. हिपॅटायटिस सी. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, तरी तो कागद मी तीनदा वाचला.

यकृताचे डॉक्टर तरुण होते आणि चांगले होते. त्यांनी सावकाश सांगितलं की या तपासणीतून एवढंच कळतं, की हा विषाणू कधीतरी अंगात शिरला होता. आजही तो आहे का, हे बघायला दुसरी तपासणी लागते आणि तिचं रक्त मुंबईला जातं. विषाणू सापडलाच तर तीन महिने गोळ्या घ्यायच्या, बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. तोवर डोळे थांबतील. इथवर सगळं ठीक होतं. मग आईला समजावं म्हणून ते म्हणाले, "आजी, ही एक प्रकारची कावीळच आहे." इथे चुकलं. आमच्याकडे कावीळ म्हणजे पाणी, कावीळ म्हणजे उष्टं. संध्याकाळपर्यंत आईनं आपलं ताट, तांब्या, पेला वेगळा काढला आणि माझ्या धाकट्याला मांडीवर घ्यायचं बंद केलं. हा आजार जेवणातून पसरत नाही, रक्तातून पसरतो, असं डॉक्टरांनीच स्पष्ट सांगितलंय म्हणून मी डोकं फोडून घेतलं. आई म्हणाली, डॉक्टर अजून ल्हान हाय.

डॉक्टरांनी निघताना आणखी एक विचारलं होतं. पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का? आई ताबडतोब म्हणाली, "न्हाई."

मी तिच्याकडे बघतच राहिले. कारण माझ्या जन्माची मला माहीत असलेली एकुलती एक गोष्ट म्हणजे ते रक्त.

ती गोष्ट अशी. माझे वडील, लालासाहेब, तेव्हा फौजेत होते, कुठेतरी बर्फात. आता ते नाहीत. आईला माहेर असं उरलंच नव्हतं, भाऊ तर पहिल्यापासूनच नव्हता. माझ्या वेळी तिला कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारचा दादासो, कारखान्याला ऊस वाहायचा, त्यानं ट्रॉली रिकामी केली, पाचट अंथरलं आणि आईला त्यावर निजवून दवाखान्यात नेलं. मी झाले, आणि आईचं रक्त थांबेना. दादासो बाही वर करून आत गेला. आईला शुद्ध आली तेव्हा वर एक बाटली टांगलेली होती, आणि नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या भावानं वाचवलं बरं का तुम्हाला. दारात दादासो उभा होता. त्यालाही बहीण नव्हती. तेव्हापासून तो आईचा भाऊ आणि माझा मामा. माझ्या लग्नात अंतरपाटापाशी मला तोच घेऊन आला, आणि दर भाऊबीजेला आईच्या पाटावर तोच बसतो. गावात सख्ख्या भावांच्या वाटण्या होऊन बोलणं बंद झालं, पण यांच्या नात्याला कुणी बोट लावलं नाही. रक्ताचं होतं ना.

आईनं डॉक्टरांना नाही का म्हटलं, ते मला घरी येताना रिक्षातच कळलं. तिनं माझा हात धरला नाही, पदराचं टोक धरलं, आणि म्हणाली की दादासोला यातलं एक अक्षर कळता कामा नये. ज्यानं जीव दिला त्याला तुझ्या रक्तात घाण होती म्हणून कसं सांगायचं? मी तिला माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं, की मामांच्या रक्तातून आलं असेल तर ते मामांच्याही अंगात आहे, इतकी वर्षं त्यांचं यकृत पोखरतंय, आणि त्यावर औषध आहे. न सांगणं म्हणजे त्यांना मारणं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, फोन केलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. मी विज्ञानाची बाई असले तरी या वाक्यापुढे माझं काही चालत नाही.

मुंबईचा निकाल आला. विषाणू होता, आणि त्याची मोजणी लाखांत होती. आई हे ऐकून म्हणाली, "येवढी वस्ती माझ्यात ऱ्हातिया?" गोळ्या सुरू झाल्या. रोज एक, ठरल्या वेळेला. त्या गोळ्यांनी असेल किंवा वयानं, तिला दुपारीही झोप लागायची, आणि स्वप्नं आता मुंबई सोडून गावाकडे वळली. स्वप्नात ती शेताच्या पाटात उतरलेली असायची, पाटाचं पाणी लाल आणि कोमट असायचं, आणि वर बांधावर दादासो खोरं घेऊन उभा. तोच पाटाचं दार मोडून पाणी सोडत होता. सरी भरत होती, ऊस डोलत होता, आणि आई त्याला हाक मारत होती, पण पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू जात नव्हतं. हे मला सांगताना ती हसायची.

मग एक दिवस उठली ती हसली नाही. मी विचारलं तर म्हणाली की आज दादासो बांधावर उभा नव्हता, बसला होता. पिवळा पडला होता. खोरं बाजूला पडलं होतं आणि पाणी आपोआप चाललं होतं. तोंड धुऊन ती परत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, दिवाळीला गावाला जाऊ, मी सांगते त्याला. मला इतकं बरं वाटलं की मला माझीच लाज वाटली, कारण सांगायचं तिला होतं, मला नाही.

भाऊबीजेच्या सकाळी गावात धुकं होतं आणि कारखान्याच्या मळीचा वास. मामा कडक टोपी घालून, हातात साडीची पिशवी घेऊन आले. माझे हे मामा उंच आहेत, दारातून येताना अजूनही वाकतात, आणि वाकूनच "आक्का, हायस का?" म्हणतात, जणू ती कुठे गेली असेल. आईनं पाट मांडला, रांगोळी वाकडीतिकडी काढली, निरांजन लावलं. पण कुंकू लावायची वेळ आली तेव्हा तिनं करंडा माझ्या हातात दिला. ओवाळलं ते हातभर लांबून. बुंदीचा लाडू ताटातच ठेवला, भरवला नाही. मामा ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आक्का, काय चुकलं का माझं?"

आई तिथेच जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तपासणी, मुंबई, लाखांची वस्ती, गोळ्या. आणि शेवटी, मामांच्या तोंडाकडे न बघता, त्या बाटलीचं. तुझ्यामुळं झालं असं न्हवं रं, असं तिनं तीनचारदा म्हटलं. तुझं तू तपासून घे, औषध हाय, एवढंच सांगायचं हुतं.

मी मामांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येत होतं आणि ते त्याला परतवत होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं, आईकडे बघितलं, आणि मिटलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"व्हय," ते म्हणाले. "माझंच आसंल. माझ्यामुळंच झालं, आक्का. मला माफ कर." आणि तो सहा फुटी माणूस पाटावर बसून रडला.

मला आईचा राग आला, माझा आला, त्या जुन्या काळाचा आला. तेव्हा बाटलीतल्या रक्तात हा विषाणू शोधायची सोयच नव्हती, कुणाला काय कळणार होतं? मी हे मोठ्या आवाजात बोलले बहुतेक, कारण शेजारची बाई डोकावून गेली. पण मामांचं लक्ष नव्हतं. ते आईची माफी मागत होते, आई त्यांची, आणि निरांजन जळत होतं.

एवढं झाल्यावर मामा दुसऱ्या दिवशीच तपासणीला येतील असं मला वाटलं होतं. ते येईनात. ऊसतोड सुरू झाली, मग तोडकऱ्यांची टोळी आली, मग ट्रॅक्टर बंद पडला. फोनवर म्हणाले, "कशाला पायजे तपासणी? हाय म्हणलं ना मी." मी म्हटलं, मामा, म्हणून होत नसतं, बघावं लागतं. त्यांना सुईची भीती वाटते असं मी ठरवून टाकलं आणि वर्गात असल्यासारखी त्यांना चिडवलंही. शेवटी आईनं फोन घेतला. तिनं फक्त एवढंच म्हटलं, की येत्या सोमवारी सांगलीला ये. बहिणीचा शब्द मोडणं त्यांना जमणार नव्हतं.

सोमवारी सकाळी आयर्विन पुलावर इतकं धुकं होतं की खाली कृष्णा आहे की नाही ते कळत नव्हतं. मामांना आम्ही पुलापलीकडच्या एसटी थांब्यावरून गाडीत घेतलं होतं. आई मागे मामांशेजारी बसली होती, मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. धुक्यात तिला आणि आम्हाला सारखंच दिसत होतं, त्यामुळे ती खुशीत होती. मामा खिडकीबाहेर बघत होते. मला आठवतं, मी मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं: डॉक्टरांची वेळ कधी घ्यायची, गोळ्या कुठून आणायच्या, आईच्या उरलेल्या गोळ्यांबरोबर मामांची तीन महिन्यांची मात्रा कशी चालवायची.

लॅब माझ्या जुन्या विद्यार्थिनीची, मयूरीची. हातात मोजे चढवतानाही ती मला "बाई, बसा ना" म्हणते. तिनं मामांच्या दंडाला पट्टा बांधला, मामा डोळे मिटून बसले, आणि नळी गर्द लाल भरली. कापूस दाबून त्यांना बाहेर आईशेजारी बाकावर बसवलं. मयूरीला ठाऊक होतं की मला बघायला आवडतं, म्हणून तिनं मला आत उभं राहू दिलं. आत सगळं पांढरं आणि थंड, आणि यंत्रांचा एकसारखा बारीक आवाज. तिनं रक्त यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं आणि त्याचा एक थेंब पट्टीवर टाकला. ओल पट्टीवरून चढत गेली. एक रेघ उमटली, पट्टी नीट चालते हे सांगणारी. दुसऱ्या रेघेची जागा पांढरीच राहिली. आम्ही वाट बघितली. पांढरीच राहिली.

"नाहीये बाई," मयूरी म्हणाली.

मला रडू आलं. विषाणू नाही, मामा धडधाकट. म्हणजे त्या बाटलीतून आलंच नव्हतं, आईला कुठल्यातरी जुन्या सुईनं वगैरे लागलं असणार. हे मी आईला कसं सांगेन, ती कशी हातभर अंतर ओलांडून मामांना जवळ घेईल, हे मला दिसायलाच लागलं होतं. तेवढ्यात मयूरी म्हणाली की यांच्या तपासणीत रक्तगटही आहे, बाई, तुम्हीच वाचा, तुम्हीच शिकवलंय. तिनं काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवले, एकात निळं औषध घातलं, एकात पिवळं, एकात बिनरंगाचं, आणि काडीनं ढवळून काच हळूहळू हलवायला लागली. निळ्यातलं रक्त गुळगुळीत राहिलं. पिवळ्यातलं फाटलं, दाणे दाणे झाले. शेवटच्यातही दाणे. बी पॉझिटिव्ह.

आई ओ आहे. गणपतीपासून मी तिचे कागद घेऊन हिंडत होते. आणि ओ गटाच्या माणसाला ओशिवाय दुसरं कुठलंही रक्त चालत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्याच तासाला पोरांना दादासोमामाची गोष्टही सांगते. एवढ्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की विचारावं, मामा, तुमचा गट कुठला? इतकी मी हुशार.

मी बाहेर आले. मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. मी तरीही अर्धंच सांगितलं. म्हटलं, मामा, तुमच्या रक्तात काही नाही. आईनं हात जोडले आणि ते कपाळाला लावून पुटपुटत बसली. मग तिचे ओठ हलायचे थांबले. तिची बुद्धी डोळ्यांसारखी धुकट नाही.

"मग मला कुणाचं लागलं?" ती म्हणाली. "रगात तर तुझंच चढलं हुतं."

मी बोलणार होते, मामांनी हात वर केला. कापूस त्यांच्या कोपरातून खाली पडला.

"न्हवतं चढलं, वैनी," मामा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, अगदी हळू, जमिनीकडे बघत. त्या दिवशी रक्तपेढीतल्या माणसानं त्यांचं रक्त बघून सांगितलं होतं, हे बाईंना चालायचं नाही. पण तुम्ही एक बाटली द्या, आम्ही बदल्यात त्यांच्या गटाची देतो. तेव्हा तशीच पद्धत होती. मामांनी आपली बाटली दिली, ती फ्रीजमध्ये गेली. आईला चढली ती कुणा परक्याची. हे सांगायलाच ते दारात उभे होते. तर आईनं डोळे उघडले, नर्सबाई बोलून गेल्या, आणि आई त्यांच्याकडे बघून हसली. बाळंतपणात मरता मरता वाचलेल्या बाईला तेव्हा काय सांगायचं? मग म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. मग भाऊबीज आली.

आई म्हणाली, "मग त्या दिवशी पाटावर बसून, माझ्यामुळं झालं म्हणून का रडलास? तवाच सांगायचं हुतंस. सुटला आसतास."

"सुटलो आसतो की," मामा म्हणाले. "पर रोग दिल्याला का हुईना, भाऊ तरी ऱ्हायलो आसतो. न्हाईतर तुमी कोण आन् मी कोण, वैनी."

यंत्राचा बारीक आवाज बाहेरही येत होता. आई मामांच्या दिशेनं बघत होती. तिला काय दिसत होतं कोण जाणे, एक उंच, कडेनं विरघळलेला पांढरा आकार दिसत असेल. मला तिची भीती वाटत होती. इतकी वर्षं तिनं ज्याच्या जिवावर माहेर मांडलं ते एका काचपट्टीवर फाटलं होतं, आणि ते मी हट्टानं करवलं होतं.

"तुझी बाटली मग कुठं गेली?" आईनं विचारलं.

"काय ठाव. दिली आसंल कुणाला तरी."

"म्हंजी कुणीतरी बाई वाचली आसंल." आई थांबली. ती बाई तिला दिसत होती हे मला तिच्या कललेल्या मानेवरून कळलं. "कुठल्या गावची कोण जाणं. तिला तू ठाव न्हाईस. तिची भाऊबीज इतकी वर्सं मीच केली."

मामांनी मान खाली घातली. त्यांच्या कोपरापाशी रक्ताचा एक बारीक ओघळ आला होता. आई बाकावरून सरकली, मधली जागा ओलांडून, आणि तिनं त्यांचा हात चाचपून धरला. गणपतीपासून ती कुणाला शिवली नव्हती, माझ्या पोरालाही नाही. पदराचं टोक तिथे दाबून ती म्हणाली, "ती भाऊबीज काय मी कुणाला परत देणार न्हाई. आन् वैनी कुणाला म्हणतुयास रं?"

आई त्यांचा हात धरून थांबून राहिली.